तुम्ही विचारलंत : दादर टीटीमधला ‘टीटी’ आणि आपली ट्राम

मागच्या अंकात रस्त्यांच्या नावांवर लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की दादर टीटी हे नाव ट्रामचं आहे. झालं, त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि मेल आलेत की बाकीचे विषय या महिन्यात बाजूलाच ठेवलेत. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचा राहिला असेल तर रागावू नका.

प्रश्न : ताई, तुमच्या त्या वाक्यावरून आमच्या घरात वाद झालाय. मिस्टर म्हणतात टीटी म्हणजे टॅक्सी टर्मिनस, सासूबाई म्हणतात ट्राम टर्मिनस. मुलगी म्हणते रेल्वेचा टीटी तिथे उभा राहायचा म्हणून. खरं काय? (डोंबिवली)

सासूबाई जिंकल्या, त्यांना माझा नमस्कार सांगा. दादर ट्राम टर्मिनस, त्याचं दादर टीटी. दादर स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडून खोदादाद सर्कलला आलात की जो परिसर लागतो तो. ट्राम जाऊन साठ वर्षं होऊन गेली तरी लोक पत्ता सांगताना टीटीच म्हणतात, बसचा कंडक्टर टीटी टीटी ओरडतो, पण त्या दोन अक्षरांत काय दडलंय हे विचारलं तर दहातले आठ जण तुमच्या मिस्टरांसारखंच काहीतरी सांगतील. (मुलीचं उत्तर मला सगळ्यात आवडलं.)

आणि अजून एक ‘टी’ आहे जो आपण रोज बघतो. बेस्ट, म्हणजे मुंबईच्या बसवरची ती चार इंग्रजी अक्षरं. आज त्यातला टी ट्रान्सपोर्टचा आहे, पण मूळची कंपनी १९०५ ची, तिचं नाव बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज, म्हणजे टी ट्रामचा. १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या बरोबर आठ दिवस आधी, ७ ऑगस्टला महापालिकेनं ती कंपनी ताब्यात घेतली आणि ट्रामवेजच्या जागी ट्रान्सपोर्ट आलं. अक्षरं तीच राहिली त्यामुळे कुणाला काही बदलल्यासारखं वाटलंच नाही. ट्राम रस्त्यावरून जायच्या सतरा वर्षं आधी नावातून गेली, असं म्हणा हवं तर.

प्रश्न : आमचे पणजोबा घोड्यांच्या ट्राममधून फिरल्याचं घरात सांगतात. मला एक कळत नाही, घोडेच लावायचे तर साधी गाडी होतीच की, रूळ टाकायचा खटाटोप कशाला? आणि एवढे घोडे ठेवायचे कुठे? (पुणे)

प्रश्न एकदम पॉइंटाचा आहे, मलाही लहानपणी हेच वाटायचं. त्याचं उत्तर चाकात आहे. तेव्हाचे रस्ते म्हणजे खडी आणि माती, पावसाळ्यात चिखल. त्यात लाकडी चाक रुततं, घोड्याचा अर्धा जीव ते चाक बाहेर काढण्यात जातो. लोखंडी चाक लोखंडी रुळावर ठेवलं की घर्षण एवढं कमी होतं की तोच घोडा कितीतरी पट जास्त वजन ओढू शकतो. म्हणजे दोन घोड्यांत चार माणसांच्या ऐवजी गाडीभर माणसं. माणशी खर्च कमी, म्हणून तिकीट कमी, म्हणून ज्याला स्वतःची घोडागाडी परवडत नाही तोही चढणार. सगळा धंदा या एका गणितावर उभा होता.

आता थोडं मागं जाऊ कारण याची सुरुवात फार मजेशीर आहे. मुंबईत ट्राम टाकायची परवानगी पहिल्यांदा मागितली ती १८६५ साली, एका अमेरिकन कंपनीनं. परवानगी मिळालीसुद्धा. पण ते साल कुठलं बघा. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं तोपर्यंत तिथला कापूस इंग्लंडला मिळत नव्हता, म्हणून इथला कापूस सोन्याच्या भावानं जात होता, मुंबईत पैसा नुसता वाहत होता, जो तो शेअर घेत होता, शेअर दलाल प्रेमचंद रायचंदांचं नाव सगळ्यांच्या तोंडी. मग १८६५ मध्ये ते युद्ध संपलं आणि कापसाचे भाव धाडकन खाली, बँका बुडाल्या, शेटजी रस्त्यावर आले, आणि त्या धुरळ्यात ट्राम पण गेली. म्हणजे अमेरिकन लोक ट्राम घेऊन आले आणि अमेरिकेतल्याच लढाईनं ती घालवली.

मग शहर सावरायला काही वर्षं गेली. १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी निघाली, काम परत अमेरिकनांकडेच, स्टर्न्स अँड किटरेज नावाची कंपनी. आणि ९ मे १८७४ ला ट्राम धावली. दोन रूट होते. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीला. दोन्ही पायधुणीलाच का, तर एका टोकाला फोर्टातली ऑफिसं आणि गोदी, दुसऱ्या टोकाला गजबजलेली देशी वस्ती आणि बाजार. कामाला जाणारा आणि कामाची जागा यांना जोडणारी सरळ रेघ.

तुम्ही ते चित्र डोळ्यासमोर आणताना एक करा, ओळखीच्या सगळ्या इमारती पुसून टाका. १८७४ मध्ये बोरीबंदरला आजचं ते भव्य स्टेशन (आपलं व्हीटी, आताचं सीएसएमटी) नव्हतं, त्याचं बांधकामच १८७८ ला सुरू झालं. समोरची महापालिकेची इमारत नाही, ताज नाही, गेटवे तर फारच नंतरचा. किल्ल्याची तटबंदी पाडून दहा-बारा वर्षं झालेली, मोकळं मैदान, नुकतं बांधलेलं क्रॉफर्ड मार्केट, आणि त्यातून रुळावरून टापा वाजवत चाललेली गाडी. म्हणजे ज्या व्हीटीला आपण जुनं म्हणतो त्या व्हीटीपेक्षा ट्राम म्हातारी.

भाडं कुलाबा ते पायधुणी तीन आणे. तिकीट नाही! पैसे द्यायचे आणि बसायचं. रोजंदारीवरच्या माणसाला तीन आणे जडच होते, पण गर्दी वाढली तसं भाडं दोन आण्यांवर आलं, आणि त्याच वर्षी तिकीटही आलं, कारण फुकटे वाढले. दीडशे वर्षांत मुंबईत काय काय बदललं कोण जाणे पण हा प्रवासी नाही बदलला.

घोड्यांचं म्हणाल तर गाड्या दोन प्रकारच्या होत्या, एक घोड्याच्या आणि दोन घोड्यांच्या. पण एका गाडीला एक किंवा दोन घोडे पुरत नाहीत. असं काम घोडा दिवसातले चार-पाच तासच करू शकतो, मग बदली घोडा, मग त्याची बदली, शिवाय आजारी असलेले, नाल ठोकायला गेलेले. स्टर्न्स अँड किटरेजच्या तबेल्यात नऊशेच्या घरात घोडे होते असं सांगतात. आता नऊशे घोड्यांचं गवत, चंदी, पाणी, मोतद्दार, नालबंद, आणि क्षमा करा पण रोजची लीद, हा सगळा पसारा नुसता विचार करून बघा. आपण आज धुराला नावं ठेवतो, तेव्हा लोक कशाला नावं ठेवत असतील ते सांगायला नको. कंपनीला १८९९ मध्ये विजेवर जायची घाई झाली त्यात नवल नाही, घोडा उभा असला तरी खातो.

प्रश्न : माझी सून कोलकात्याची. ती म्हणते ट्राम आमचीच पहिली, मुंबईवाले उगाच मिरवतात. काय उत्तर देऊ? (ठाणे)

उत्तर देऊ नका, सून बरोबर आहे. निदान अर्धी तरी. कोलकात्यात घोड्याची ट्राम २४ फेब्रुवारी १८७३ ला सुरू झाली, सियालदाहून आर्मेनियन घाटापर्यंत, मुंबईच्या वर्षभर आधी. पण ती चालेना, त्याच वर्षी नोव्हेंबरात बंद पडली, आणि पुन्हा नीट सुरू व्हायला सात-आठ वर्षं गेली. त्या मधल्या काळात मुंबईची ट्राम मात्र पैसे कमवत होती. हे सुनेला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

विजेच्या ट्रामचं विचाराल तर दोघंही मागे. मान मद्रासचा, ७ मे १८९५. कोलकाता १९०२. मुंबई ७ मे १९०७, म्हणजे मद्रासनंतर तारखेला तारीख बारा वर्षांनी! मद्रासवाल्यांनी आधी वरून तारा न घेता जमिनीखालच्या नळातून वीज न्यायचा प्रयोग केला होता, दिसायला सुंदर, पण पावसानं त्याचं जे व्हायचं ते झालं आणि शेवटी त्यांनाही तारा वर टांगाव्या लागल्या. मुंबईनं उशिरा आल्याचा फायदा घेतला, सरळ वरूनच तारा.

आणि एक, आपण नेहमी विसरतो, त्या वेळच्या मुंबई इलाख्यात कराचीही होती. तिथली ट्राम १८८५ ची, सुरुवातीला वाफेच्या इंजिनाची, मग घोड्यांची, मग पेट्रोलची, आणि ती चालली थेट १९७५ पर्यंत. मुंबईची बंद पडल्यावर अकरा वर्षं.

प्रश्न : मी सांगलीला इलेक्ट्रिकल डिप्लोमा करतोय. जुन्या फोटोत ट्रामच्या डोक्यावर एकच दांडा आणि एकच तार दिसते. सर्किट पूर्ण कसं होतं?

शाब्बास, फोटो असे बघायचे. दुसरी तार तुमच्या पायाखाली आहे! वरच्या तारेतून दांड्यातून वीज गाडीत येते, मोटर फिरवते आणि चाकांतून रुळात उतरते, रूळच परतीची तार. दांड्याच्या टोकाला खाचेचं छोटं चाक असायचं ते तारेला खालून टेकून फिरायचं. शेवटच्या स्टॉपला गाडी वळवायची गरज नाही कारण दोन्ही टोकांना ड्रायव्हरची जागा, कंडक्टर उतरून दोरीनं तो दांडा उलट्या बाजूला फिरवायचा, ड्रायव्हर हातातला दांडका काढून दुसऱ्या टोकाला जायचा, की झाली गाडी उलट दिशेला तयार. आई सांगायची की पोरं फक्त तो दांडा फिरवताना बघायला उभी राहायची, कारण कधीकधी तो तारेवरून निसटायचा, मग कंडक्टर आकाशाकडे बघत दोरी धरून नेम धरतोय आणि आतले लोक शिव्या देतायत.

याच्यावरून तुम्हाला अजून एक कोडं घालते. मुंबईत काही वर्षं ट्रॉलीबसही होती, ११ जून १९६२ पासून १९७१ पर्यंत, गवालिया टँक ते माझगाव डॉकयार्ड. तिलाही वरून वीज, पण तिच्या डोक्यावर दोन दांडे. का ते आता तुम्हीच सांगा. (टायर रबराचे. रस्ता डांबराचा. वीज परत जाणार कशातून?)

वीज कुठून यायची हेही सांगते. लायसन्स झालं १९०५ मध्ये, ट्राम कंपनी, म्युनिसिपालिटी आणि ब्रश इलेक्ट्रिकल कंपनी अशा तिघांच्या सह्या, आणि वाडीबंदरला पॉवर स्टेशन. पुढे शहरातल्या घरांना, दुकानांना वीज विकायचं कामही त्याच कंपनीकडे. म्हणून आजही कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत लाइटचं बिल बेस्टचं येतं आणि उपनगरात दुसऱ्यांचं. नवीन लोकांना प्रश्न पडतो की बसवाले वीज का विकतात. कारण ते मूळचे ट्रामवाले!

प्रश्न : नाशिकलाही ट्राम होती असं वडील म्हणायचे. कुणी विश्वास ठेवत नाही. (नाशिक)

ठेवायला सांगा, होती. १८८९ ची. जुन्या म्युनिसिपालिटीपासून, म्हणजे मेन रोडवरून, नाशिकरोड स्टेशनपर्यंत, आठ-दहा किलोमीटर. रूळ अडीच फुटी (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), गाडीचे दोन डबे आणि ओढायला चार घोडे. रेल्वेचं स्टेशन गावापासून एवढं लांब, मध्ये सगळं रान, आणि यात्रेकरू तर बारमाही, मग त्यांना गावात आणायचं कसं, म्हणून ट्राम. तिचा इंजिनियर एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्यानं पुढं बार्शी लाइट रेल्वे केली तोच. अडीच फुटी रुळाचं वेड त्या माणसाला होतं, ते बार्शीला पूर्ण झालं. नाशिकची ट्राम १९३० नंतर दोन-तीन वर्षांत तोट्यात जाऊन बंद पडली. आज नाशिकरोडहून गावात जाताना जो ट्रॅफिक लागतो त्यात बसून हे वाचलंत तर कसं वाटेल मला माहीत नाही.

प्रश्न : एवढी स्वस्त, बिनधुराची गाडी बंद करायची अवदसा कुणाला आठवली? टायरवाल्यांचा, मोटारवाल्यांचा हात होता असं व्हॉट्सॲपवर वाचलं. (विलेपार्ले, याच अर्थाची अजून नऊ पत्रं)

दहा जणांनी विचारलंय म्हणजे याला नीट वेळ द्यायला हवा.

व्हॉट्सॲपवरची ती गोष्ट अमेरिकेतल्या शहरांची आहे, तिथलं प्रकरण वेगळं, ते उचलून कुणीतरी मुंबईला चिकटवलंय. आपल्याकडे ट्राम आणि बस दोन्ही एकाच घरातल्या होत्या हे लक्षात घ्या. १५ जुलै १९२६ ला मुंबईची पहिली बस अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली, ती ट्राम कंपनीचीच. त्याच्या सहा वर्षं आधी, १९२० मध्ये, याच कंपनीनं गर्दी आवरत नाही म्हणून दुमजली ट्राम आणली होती. म्हणजे ज्या डबलडेकरवर आपण एवढं प्रेम केलं ती आधी रुळावर आली आणि मग १९३७ मध्ये टायरवर. ट्रामला मारायला बाहेरून कुणी आलं नाही, धाकट्या भावानं थोरल्याची खोली हळूहळू ताब्यात घेतली तसं झालं.

आता तिच्या खऱ्या अडचणी ऐका. ट्राम रस्त्याच्या मधोमध. उतरायचं म्हणजे चालत्या ट्रॅफिकमध्ये उतरायचं. १९०७ मध्ये मोटारी होत्याच किती, काही वाटलं नसेल, पण १९५० नंतर लालबाग-परळच्या रस्त्यावर ट्रक, टॅक्स्या, हातगाड्या आणि मध्ये ट्रामचा स्टॉप, विचार करा. दुसरं म्हणजे ट्राम वाट काढू शकत नाही. पुढे एक बैलगाडी रुळावर अडली की मागे सहा ट्राम रांगेत, एक गाडी बिघडली की अख्खी लाइन ठप्प. बस बाजूनं निघून जाते. तिसरं, शहर वर सरकत होतं, दादर-माटुंग्याच्या पुढं वस्ती वाढत होती, आणि तिथपर्यंत रूळ, तारा, खांब टाकायचे म्हणजे पैसा, बसला काय, रस्ता असला की झालं. किंग्ज सर्कलपर्यंत ट्राम गेली, सायनच्या पुढच्या मुंबईला ती कधी भेटलीच नाही. म्हणून उपनगरातल्या वाचकांच्या घरात ट्रामच्या आठवणी फारशा निघत नाहीत बघा.

आणि वारा तसाच वाहत होता. लंडननं १९५२ मध्ये ट्राम काढून टाकली, मद्रासनं १९५३ मध्ये, दिल्लीनं १९६३ मध्ये. ट्राम म्हणजे जुनाट आणि बस म्हणजे मॉडर्न असं त्या पिढीला मनापासून वाटायचं. मुंबईत एकेक रूट बंद होत होत शेवटी एकच उरला.

माझं मत विचाराल तर बंद करण्याचा निर्णय तेव्हाच्या डोळ्यांनी बघितला तर वेडेपणाचा नव्हता. पण दिलेलं एक कारण मला आजही पटत नाही, की ट्राममुळे ट्रॅफिक अडतो. ट्राम तिच्या रुळावरून सरळ चालली होती, तिच्या रुळावर इतर लोक आले! एका ट्राममध्ये किती माणसं आणि एका मोटारीत किती, हे मोजून कुणी जागा वाटून दिली असती तर अडलं कोण आणि अडवलं कुणी हे वेगळं दिसलं असतं. रूळ उखडून साठ वर्षं झाली, परवाच मी लालबागहून दादरला पाऊण तासात पोचले. आता अडवायला ट्राम नव्हती.

तरी मी रडगाणं गाणार नाही, कारण आमच्या घरात ट्रामवर सगळ्यांचं प्रेम होतं असं नाही. आजोबा गिरणीत, लालबागच्या चाळीत आम्ही. आजोबांच्या मते ट्रामसारखी गाडी नाही, एका आण्यात माणूस या टोकाचा त्या टोकाला, आणि बसायला जागा मिळाली तर खिडकीतून अख्खी मुंबई फुकट. आईच्या मते घाई असेल तर चालत जावं. ती कॉलेजला उशीर झाला की स्टॉपवरून ट्राम सोडून द्यायची, भारतमाता टॉकीजपर्यंत तरातरा चालायची आणि पुढच्या स्टॉपला तीच ट्राम पकडायची. आजोबा म्हणायचे पोरगी खोटं बोलते. मला वाटतं दोघंही खरं सांगत होते, आजोबांना कामावरून सुटल्यावरची ट्राम आठवायची आणि आईला कॉलेजला जातानाची.

शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४, रात्री दहाच्या सुमाराला बोरीबंदरहून सुटली, दादरला जायला. गाडीत तर पाय ठेवायला जागा नव्हतीच पण रस्त्यानंही दोन्ही बाजूला माणसं उभी होती निरोप द्यायला. आई तेव्हा अठरा वर्षांची. ती आणि चाळीतल्या मैत्रिणी खाली उतरून रस्त्यावर उभ्या राहिल्या. तिला ट्राम दिसलीच नाही! पुढं एवढी डोकी. तिला फक्त घंटा ऐकू आली, ड्रायव्हर पायानं वाजवायचा ती, एकसारखी, आणि डोक्यांच्या वरून सरकत जाणारा तो दांडा दिसला, तारेवर निळी ठिणगी उडाली तेवढी. आजोबा खाली आलेच नाहीत. सकाळची पाळी होती, झोपले होते.

प्रश्न : ट्रामचे रूळ कुठे गेले? आज काही बघायला मिळतं का? (दोन-तीन पत्रं)

बरेच उखडले, पण सगळे नाही, कित्येक ठिकाणी वरून सरळ डांबर ओतलं. माझ्या लहानपणी पावसाळा संपला की डांबराला भेगा पडून मधूनच लोखंडाची चकाकती रेघ वर यायची, सायकलवाले त्यात चाक अडकून पडायचे. हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीचं काम चालू होतं तेव्हाही खोदताना रूळ निघाले, खाली काळ्या दगडांची फरसबंदी, तशीच्या तशी. ते फोटो पेपरात आले तेव्हा आईला दाखवले, ती म्हणाली हे तर काल होतं.

बघायचं असेल तर बेस्टचं म्युझियम आहे, आणिक डेपोत. ट्रामची मॉडेल, जुनी तिकिटं, मशिनं, सगळं मांडलंय, मुलांना न्या. जायच्या आधी चौकशी करून जा, उगाच खेप नको. खरीखुरी धावणारी ट्राम बघायची असेल तर मात्र कोलकाता, आणि तेही लवकर, कारण तिथल्या सरकारनंही २०२४ मध्ये जाहीर केलं की मैदान ते एस्प्लनेड एवढाच एक तुकडा हेरिटेज म्हणून ठेवणार. (ठाण्याच्या वाचक, सुनेशी या विषयावर जरा जपून.)

आणि ज्यांनी विचारलंय की ट्राम परत येईल का, त्यांना एवढंच सांगते की भुयारी मेट्रोचा नकाशा काढा. सीएसएमटी, पुढचं स्टेशन काळबादेवी. १८७४ च्या त्या दुसऱ्या रूटची सुरुवात हीच होती. रूळ परत आलेत, फक्त आता जमिनीच्या पोटात आहेत आणि घोडे नाहीत.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या डिक्शनरीत ट्रामचं एक तिकीट सापडलं, बुकमार्कसारखं ठेवलेलं. कागद पिवळा पडलाय, कडा तुटतायत. लॅमिनेट करून घेऊ का? (गिरगाव)

नको नको नको! लॅमिनेशनवाल्याकडे अजिबात जाऊ नका. ते गरम करून प्लॅस्टिक चिकटवतात, एकदा चिकटलं की कागद परत कधीच सुटा होत नाही, आणि जुनी शाई उष्णतेनं उडू शकते. सेलोटेप तर त्याहून वाईट, दोन वर्षांत तपकिरी डाग. हात धुऊन, पूर्ण कोरडे करून तिकीट उचला, स्टॅम्प जमवणाऱ्यांची पारदर्शक पाकिटं मिळतात त्यात सरकवा, आणि पाकीट दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवून कपाटात, उन्हापासून आणि गिरगावातल्या दमट भिंतीपासून लांब. त्याआधी दोन्ही बाजूंचा स्वच्छ स्कॅन काढून ठेवा. मागची बाजू विसरू नका, आमच्याकडे आजोबांचं एक तिकीट आहे त्याच्या मागे पेन्सिलीनं वाण्याचा हिशोब आहे, गूळ, तेल, चहा पावडर, आणि शेवटी बेरीज चुकलेली.

आणि ते डिक्शनरीत कुठल्या पानावर होतं ते लिहून ठेवलंत ना?